करमुक्त जावई

कर सल्लागाराला पैसे द्यायचे नाहीत, एवढंच मी ठरवलं होतं. पुढचं सगळं आपोआप घडत गेलं आणि त्यात माझा हात नव्हता असं मी म्हणालो असतो, पण त्या हातांचा फोटो आता सरकारदप्तरी आहे.

तर झालं असं. माझी बायको शिवणकाम करते. आजवर तिचं काम म्हणजे कुणाच्या उशीला अभ्रा, कुणाच्या पँटची लांबी कमी कर, कुणाच्या दप्तराची चेन बदल, असं शेजारपाजारचं चाललेलं असायचं. लोक कपडे घेऊन जाताना ‘थँक यू हं वहिनी’ म्हणायचे आणि बरेचदा तेवढ्यावरच भागवायचे. मग एका सकाळी सरकारी रुग्णालयाच्या भांडारपालाचा फोन आला. लहान मुलांच्या वॉर्डात प्रत्येक खाटेभोवती ओढून घ्यायचे पडदे हवे होते. बायकोने शिवून पाठवलेला नमुना मोठ्या डॉक्टरीणबाईंना पसंत पडला होता. काम सगळं तिलाच मिळणार होतं. अट एकच, की विकणाऱ्याकडे वस्तू आणि सेवा कराचा नोंदणी क्रमांक पाहिजे. महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत क्रमांक कळवला नाही, तर ऑर्डर बाजारातल्या एका मोठ्या दुकानाकडे जाणार.

बायकोने फोन ठेवला आणि थोडा वेळ मशीनच्या चाकावर हात ठेवून नुसती बसली.

“अहो,” ती म्हणाली, “ते ‘तुमची फर्म’ म्हणाले. मला.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. (मी तिला पहिल्यांदा मागणी घातली तेव्हाही नाही.) ती म्हणाली, कोपऱ्यावर एक कर सल्लागार बसतो, त्याच्याकडून नोंदणी करून घेऊ. आणि इथेच माझ्यातला सरकारी माणूस जागा झाला.

“सल्लागार कशाला? मी काय मेलोय?”

मी पालिकेत जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीवर कारकून आहे. मेलो असतो तर त्याचाही अर्ज माझ्याच टेबलावर आला असता, आणि अपूर्ण म्हणून मी तो परत पाठवला असता. अर्ज परत पाठवण्यात आमच्या ऑफिसात माझा हात धरणारा कुणी नाही. लोकांच्या अर्जातल्या चुका मला उलट्या बाजूनेही दिसतात. अशा माणसाने बायकोचा साधा नोंदणीचा अर्ज भरायला दुसऱ्याला पैसे द्यावेत, हे माझ्या पदाला शोभण्यासारखं नव्हतं. बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, “शनिवारच्या आत होईल ना?” मी हसलो. ते हसू आठवलं की अजून कानशिलं गरम होतात.

दुसऱ्या दिवशी मी कराची नियमावली वाचायला घेतली. आता खरं सांगतो, मी भारावून गेलो. नियम म्हणजे रूक्ष काहीतरी, असं आपण उगाच समजतो. अहो, या लोकांनी विचार तरी किती करून ठेवलाय. दूध ताजं असेल तर कर नाही, तेच आटवून डब्यात बंद केलं की कर आहे. रुग्णालयाने पेशंटला तपासलं, औषध दिलं, बरं केलं तर त्या सेवेवर कर नाही. पण त्याच्या खाटेभोवतीचा पडदा विकत घेतला की त्या पडद्यावर कर आहे. म्हणजे कुणीतरी कधीतरी एका टेबलाशी बसून, माणूस आजारी पडला तर त्याच्या भोवती काय काय असतं, याचा शांतपणे विचार केला असणार. माझा इतका विचार माझ्या आईनंतर कुणी केलेला नाही.

मी हे शेजारच्या खिडकीवरच्या सहकाऱ्याला सांगितलं. त्याच्याकडे पालिकेचं सभागृह भाड्याने द्यायचं काम आहे. तो शिक्के मारता मारता म्हणाला, “तुमच्या खिडकीला कर नाही, माझ्या खिडकीला आहे.”

“असं कसं? पालिका तर एकच.”

“पालिका एकच, पण काम वेगळं. तुमचं काम सरकारचंच आहे, ते दुसऱ्या कुणाला करताच येत नाही. जन्माचा दाखला काय किराणा दुकानात मिळणार आहे? सभागृह मात्र कुणीही बांधून भाड्याने देऊ शकतो. म्हणून माझ्या पावतीवर कर.”

आमच्या दोन खिडक्यांच्या मधे एक लाकडी फळी आहे. त्या फळीकडे मी इतकी वर्षं नुसती फळी म्हणून पाहत होतो. त्या दिवशी मला कळलं की फळीच्या अलीकडे करमुक्त आणि पलीकडे करपात्र आहे. माझ्याकडे जन्मावर कर नाही, मृत्यूवर कर नाही, पुढे अंत्यसंस्कारावरही नाही. कर आहे तो मधल्या सगळ्यावर, आणि ते सगळं त्याच्या खिडकीत आहे. मी फळीला हात लावून पाहिला. सहकाऱ्याने पाणी हवंय का असं विचारलं.

मग त्याने मला मुख्य गोष्ट समजावून सांगितली. बायको पडदे विकताना रुग्णालयाकडून कर घेणार आणि सरकारात भरणार. पण तिने धंद्यासाठी जे विकत घेतलं, कापड, दोरा, मशीनचं तेल, त्यावर दिलेला कर तिला त्यातून वजा करून मिळणार. “फक्त धंद्यासाठी घेतलेलं हं,” तो बोट वर करून म्हणाला. “घरगुती वस्तूवरचा कर वजा मिळत नाही. घर आणि धंदा यांची सरमिसळ चालत नाही.”

त्याचं वाक्य तिथेच संपलं होतं. पण माझ्या डोक्यात ती फळी होती.

संध्याकाळी घरी येताना मी खडू आणला.

आमच्या घराची रचना सांगायला हवी. पुढे बसायची खोली, मधे शिवणाची खोली, मागे स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. म्हणजे पुढून मागे जायचं तर शिवणाच्या खोलीतूनच जावं लागतं. मी त्या खोलीत गुडघ्यावर बसून एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत ठळक रेघ मारली. खिडकीकडची मोठी बाजू धंद्याची. भिंतीलगतचा अरुंद पट्टा घराचा, न्हाणीघराकडे जाणाऱ्यांसाठी. पट्ट्यातून जाताना मधे थांबायचं नाही आणि रेघेपलीकडे कोपर जाऊ द्यायचं नाही, असा नियमही मी सांगून टाकला.

“हे कायद्यात आहे?” बायकोने विचारलं.

“कायद्याचा आत्मा आहे,” मी म्हणालो.

आत्मा म्हटल्यावर ती गप्प बसली. मला वाटलं पटलं.

खरा प्रश्न पंख्याचा आला. तो छताला मधोमध आहे, पण रेघ जिथे गेली तिथून बघता तो धंद्याच्या हद्दीत पडत होता. त्याचा वारा मात्र खुशाल रेघ ओलांडून घरगुती पट्ट्यात येत होता. मी काही दिवस त्या पट्ट्यातून श्वास रोखून जात असे. इस्त्रीचं टेबल धंद्यात गेलं. सकाळी मी शर्ट पुढे केला, तर बायको म्हणाली, “घरगुती शर्ट आहे. सरमिसळ चालत नाही.” मी चुरगळलेल्या शर्टात खिडकीवर बसलो आणि एका बाळाच्या बापाने मला तब्येत विचारली. चहाचंही तेच. स्वयंपाकघर घराचं, बायको धंद्यात. तिने चहासाठी मशीनवरून उठायचं नाही असं ठरवलं, त्यामुळे चहा करून रेघेपर्यंत न्यायचा आणि हात लांब करून द्यायचा, हे काम माझ्याकडे आलं. मी तक्रार केली नाही. एवढ्या मोठ्या कायद्यापुढे एक कप चहा म्हणजे काय.

हे सगळं निभावलं असतं. पण खिडकीशी सासूबाईंची वेताची खुर्ची होती.

सासूबाई आमच्याकडे असतात. रोज दुपारी त्या खिडकीशी बसत, मांडीवर कापड घेऊन त्यावरून बोटं फिरवत. डोळ्यांनी त्यांना आता फार दिसत नाही, म्हणून मला वाटायचं, बिचाऱ्या वेळ घालवतात. आता धंद्याच्या जागेत वेळ घालवणारी व्यक्ती म्हणजे सरळ सरळ घरगुती वापर. मी खुर्ची उचलली आणि पुढच्या खोलीत चपलांच्या कपाटाशेजारी नेऊन ठेवली. उजेड तिथे नाही, पण नियमात बसत होतं.

सासूबाईंनी पायाने रेघ चाचपली, माझ्या दिशेने पाहिलं आणि म्हणाल्या, “बरं.”

सासूबाईंचं ‘बरं’ दोन प्रकारचं असतं. दोन्ही प्रकार वाईट आहेत.

मी निवांत मनाने अर्ज भरला. जागेचा नकाशा असा काढला की आमच्या बांधकाम खात्यानेही तोंडात बोट घालावं. रेघसुद्धा दाखवली. अर्ज पाठवला आणि खुर्चीत मागे रेलून बसलो. अर्ज परत आला तेव्हा महिनाअखेरचा शनिवार अगदी तोंडावर आला होता.

हो, परत आला. त्यावर लिहिलं होतं: ‘जागेची मालकी स्वतःची असे नमूद केले आहे. सोबतचे वीजबिल अन्य व्यक्तीच्या नावे आहे. मालकाचे संमतीपत्र जोडावे. न जोडल्यास अर्ज फेटाळण्यात येईल.’

वीजबिलावर सासूबाईंचं नाव होतं. घर सासूबाईंचं आहे. लग्नानंतर ‘थोडे दिवस’ म्हणून आम्ही इथे आलो आणि ते थोडे दिवस अजून संपायचे आहेत. घरजावई हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. मी चारचौघांत ‘सासूबाई आमच्याकडे असतात’ असं सांगतो (वरही तसंच सांगितलंय, बघा), आणि सासूबाई ते ऐकूनही काही बोलत नाहीत. त्यामुळे हळूहळू माझा त्यावर विश्वास बसला होता. जे माझ्या सख्ख्या मित्रांच्या लक्षात आलं नव्हतं, ते त्या करखात्याने कुठल्यातरी दूरच्या ऑफिसात बसून एका वीजबिलावरून ओळखलं. मला राग आला नाही. मी त्या कागदापुढे खरोखर थक्क होऊन बसलो.

बायकोने ते वाचलं. “तुम्ही लोकांचे अर्ज याच कारणासाठी परत करता ना?” तिने शांतपणे विचारलं.

“हो.”

“आणि त्यांच्या हातात दिवस किती उरलेत ते बघता?”

ती मशीनकडे वळली. पण चाक फिरलं नाही. निळसर पडद्याचा घरी ठेवलेला दुसरा नमुना तिने घडी घालून कपाटात ठेवला, इतक्या जपून की जणू तो आता कुणाला द्यायचाच नव्हता. शनिवार गेला तर ‘तुमची फर्म’ पुन्हा ‘वहिनी’ होणार होती, आणि ते माझ्यामुळे होणार होतं.

मी पुढच्या खोलीत गेलो. सासूबाई चपलांच्या कपाटाशेजारी ताठ बसल्या होत्या.

“आई, जरा काम होतं.”

“कोण?”

“मी, जावई.”

“काय काम?”

“एका संमतीपत्रावर सही हवी होती.”

“अर्ज आणलाय?”

“अर्ज? आई, घरातल्या घरात...”

“घर आणि धंदा यांची सरमिसळ चालत नाही, असं ऐकलंय. लेखी आणा.”

मी अर्ज लिहिला. सासूबाईंनी तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि परत दिला. “विषय लिहिला नाही.”

मी विषय लिहिला.

“तारीख?”

मी तारीख घातली.

“आता माझी चहाची वेळ झाली. नंतर या.”

मी पुढच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. रोज माझ्या खिडकीबाहेर लोक असे उभे असतात, एका पायावरून दुसऱ्या पायावर. आतून बघताना ते थांबणं कधी एवढं लांब वाटलं नव्हतं. तेवढ्यात बायको आतून आली. कपाटात ठेवलेला पडदा तिने पुन्हा काढला होता आणि त्याचा काठ हातात धरला होता. ती मला ओलांडून सासूबाईंपाशी गेली आणि तो त्यांच्या मांडीवर ठेवला. सासूबाईंनी कडेवरून बोटं फिरवली. मधे एका ठिकाणी बोट थांबलं.

“इथे टाका सुटलाय.”

“कुठे?”

“इथे. एकच आहे. पण मुलांचं बोट नेमकं त्यातच जाईल.”

बायकोने पाहिलं, मान हलवली आणि आत गेली. थोड्या वेळाने पुन्हा दुसरा काठ घेऊन आली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या बाई दुपारभर वेळ घालवत नव्हत्या. घरातून बाहेर जाणारा प्रत्येक टाका त्यांच्या बोटांखालून जात होता. खुर्ची हलवल्यापासून माझी बायको प्रत्येक शिवण दाखवायला मशीनवरून उठून पुढच्या खोलीत येत होती, आणि ते मी चहा देतादेता रोज पाहत होतो. मला खरंच लाज वाटली. मी खुर्चीपाशी खाली जमिनीवर बसलो.

“आई, चुकलं माझं.”

सासूबाई म्हणाल्या, “लिहून घ्या. माझ्या मालकीच्या घरात माझ्या मुलीने धंदा करायला माझी हरकत नाही. घेतलं?”

“घेतलं.”

“खुर्ची खिडकीशी राहील. जावई रेघा मारणार नाहीत.”

“आई, संमतीपत्राच्या नमुन्यात हे नसतं.”

“मग नमुना चुकीचा आहे.”

मी लिहिलं. पुढचा प्रश्न विचारताना माझा आवाज बारीक झाला. “भाड्याचं काय लिहू? भाडं लावलं तर त्यावर कराचा प्रश्न येऊ शकतो.”

“आणि फुकट दिली तर?”

“मुलीला तुम्ही प्रेमाने जागा दिलीत, त्यावर काही कर नाही.”

“म्हणजे तुम्ही इतकी वर्षं राहिलात, त्यावरही काही नाही?”

“नाही.”

“दयाळू सरकार आहे,” सासूबाई म्हणाल्या आणि सही केली.

मी स्वतः ओला फडका घेऊन रेघ पुसली. खुर्ची खिडकीशी गेली. संमतीपत्र पाठवलं, आणि शुक्रवारी जागेची पाहणी करायला अधिकारी येतील असा निरोप आला. क्रमांक मिळणं न मिळणं आता त्या पाहणीवर होतं. मी रजा टाकली. नियम पुन्हा वाचला, आणि त्यात एक ओळ नव्याने दिसली. धंद्याच्या जागेच्या दर्शनी भागावर नावाचा फलक पाहिजे.

फलक बायकोने आधीच रंगवून घेतला होता. त्यावर ‘सुईदोरा’ असं सुबक नाव होतं. नुसता लावायचा बाकी होता. बायको म्हणाली, “सुताराला बोलावू का?” आणि इथे माझ्या तोंडून पुन्हा ते वाक्य गेलं, की मी काय मेलोय.

दाराशेजारच्या भिंतीवर मी खिळा धरला आणि हातोडी मारली. खिळा आत गेला नाही. भिंत बाहेर आली. आधी बशीएवढा गिलावा पडला, मग मी तो सावरायला गेलो तेव्हा परातीएवढा. मी जरा बाजूला दुसरा खिळा ठोकून पाहिला. तिथे तर आतल्या विटेचं दर्शन झालं. बायको बाहेर आली, खाली पडलेल्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाली, “आईचं घर आहे ते.” तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर एक बाई आमच्या घराचा नंबर शोधत येताना दिसल्या.

अधिकारी म्हणजे मी कुणीतरी धिप्पाड माणूस धरून चाललो होतो. या सडपातळ होत्या, खांद्याला कापडी पिशवी आणि हातात फोन. पण मला मात्र आख्खा कायदा चालत आपल्या दाराकडे येतोय असंच दिसलं. माझी बुद्धी जी चालली ती अशी चालली: दाराशेजारी गजांची खिडकी आहे. मी फलक उचलून आत पळालो, खिडकीशी खाली बसलो, दोन्ही हात गजांतून बाहेर काढले आणि फलक वरच्या कडेने धरून बाहेरच्या बाजूला लटकवला. बाहेरून बघणाऱ्याला खिडकीखाली छान सरळ फलक दिसावा, असा हिशेब होता. बोटं दिसतील हे ध्यानात आलं नाही.

अधिकारीबाई थांबल्या. मला त्या दिसत नव्हत्या, पण फोन क्लिक झाल्याचं ऐकू आलं.

“फलक कुणीतरी धरलाय का?” त्यांनी विचारलं.

“हो,” बायको म्हणाली. तिला खोटं बोलता येत नाही. धंद्यात तिचं कसं होणार, याची मला काळजी वाटते.

“बरं,” अधिकारीबाई म्हणाल्या आणि आत आल्या. मला कुणी हात काढ असं सांगितलं नव्हतं, म्हणून मी तसाच बसून राहिलो. मान वळवली की दारातून शिवणाची खोली दिसत होती. त्यामुळे पुढचं सगळं मी पाठमोरा, हात गजांबाहेर, अशा अवस्थेत पाहिलं.

आणि जे पाहिलं त्याने मी थक्क झालो. अधिकारीबाई विचारत होत्या आणि माझी बायको सांगत होती. कापड कुठून घेता, बिल घेता का, कापडावर कर किती, शिवून झाल्यावर पडद्यावर किती, शिवणकामाची नुसती मजुरी घेतली तर ती सेवा धरायची की वस्तू. तिने एकदाही ‘ह्यांना विचारते’ म्हटलं नाही. कापड त्यांचं आणि शिवण माझी असेल तर ती सेवा, कापडही माझंच असेल तर ती वस्तू, असं तिने कात्री पुसता पुसता सांगितलं. हे ती कधी शिकली? मी नियमावली मोठ्याने वाचत असायचो तेव्हा ती मशीन चालवत असायची. मला वाटायचं ऐकू जात नाहीये.

शेवटी तिने कपाटातून तो नमुना काढला आणि दोरीवर चढवून आईच्या खुर्चीभोवती ओढला. खोलीतला उजेड एकदम मऊ झाला. पडद्याच्या आत सासूबाई दिसेनाशा झाल्या, नुसता त्यांचा आवाज आला, “रडणाऱ्या मुलाला इथे बरं वाटेल.” अधिकारीबाईंनी पडद्याची कड बोटांत धरली आणि शिवणीवरून बोट फिरवलं. मला आत कुठेतरी भरून आलं. एवढा मोठा कायदा, इतके दर, इतकी कलमं, आणि ते सगळं चालत येऊन शेवटी माझ्या बायकोच्या एका शिवणीपाशी थांबलं होतं. मी डोळे पुसले असते, पण हात बाहेर होते.

“इथे कामाला किती जण?” अधिकारीबाईंनी विचारलं.

“मी एकटीच. आई शिवण तपासून देते. जागाही तिचीच आहे.”

“आणि खिडकीत आहेत ते? कामगार?”

“नाही.”

“पगार देता?”

“नाही.”

“मग भागीदार?”

“अजिबात नाही,” बायको जरा घाईने म्हणाली.

“मग कोण म्हणून लिहू?”

पडद्याआडून सासूबाईंचा आवाज आला. “जावई.”

अधिकारीबाईंनी फोनवर खालीवर करून पाहिलं. “जावई असा रकाना नाही यात,” त्या म्हणाल्या. “मोबदला न घेता घरचं माणूस मदत करतं, त्याला कर लागत नाही. सोडून देते.” आणि त्यांनी मला सोडून दिलं.

शनिवारी सकाळी क्रमांक आला. बायकोने स्वतः भांडारपालाला फोन करून तो सांगितला, एकेक अक्षर सुटं सुटं, आणि शेवटी म्हणाली, “हो, आमच्या फर्मकडून पहिले पडदे पुढच्या आठवड्यात येतील.” फोन ठेवल्यावर ती आईकडे बघून हसली आणि मग माझ्याकडेही बघून हसली. मला खूप बरं वाटलं. या सगळ्यात माझाही खारीचा वाटा आहे असं मी म्हणणार होतो, तेवढ्यात तिने पाहणीचा अहवाल उघडून माझ्यापुढे धरला. सोबत फोटो होता. ‘सुईदोरा’ असं नाव, आणि वरच्या कडेवर माझी आठ बोटं. खाली शेरा होता: ‘फलक तात्पुरत्या व्यवस्थेने टांगलेला आढळला. कायम व्यवस्था करून नवा फोटो पाठवावा.’

त्या दुपारी सुतार आला. त्याने येताना हार्डवेअरच्या दुकानातून एक जाड खिळा आणला होता, बायकोचा नवा क्रमांक घातलेल्या बिलासकट. दोन ठोक्यांत फलक लागला. बायकोने नवा फोटो काढला, बिल फाइलला लावलं आणि मला समजावून सांगितलं, की खिळा धंद्यासाठी घेतला आहे, तेव्हा त्यावर भरलेला कर आपल्याला वजा मिळेल.

“आणि माझ्यावर जो खर्च होतो?” मी विचारलं. “फलक तर आधी मीच धरला होता.”

तिने खरोखर थोडा विचार केला. मग खिडकीशी बसलेल्या सासूबाई मांडीवरच्या शिवणीवरून बोट न उचलता म्हणाल्या, “तो वजा मिळत नाही. घरगुती वापर.”